खाडीच्या वाटेने : कोकणातील शिडाच्या होड्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

कोकणचा नकाशा आज आपण उत्तरेकडून दक्षिणेकडे वाचतो. मुंबई-गोवा महामार्ग तसा जातो, कोकण रेल्वे तशी जाते आणि गावे विचारली की आपणही ती त्याच ओळीने सांगतो : महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण. ही गावे महामार्गावर आली खरी, पण महामार्गासाठी वसली नाहीत. समुद्राच्या भरतीचे पाणी नदीत जिथपर्यंत चढते, तिथे ती वसली. सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर गोवळकोट आणि चिपळूण, शास्त्रीवर संगमेश्वर, जैतापूरच्या खाडीच्या टोकाशी राजापूर, विजयदुर्गच्या खाडीच्या टोकाशी खारेपाटण. यातले एकही गाव समुद्रकाठी नाही आणि तरी यातले प्रत्येक गाव एके काळी बंदर होते.

हे समजून घ्यायचे तर नकाशा आडवा वाचावा लागतो. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री, मध्ये पन्नास-साठ किलोमीटरचा चढउताराचा पट्टा. डोंगराच्या सोंडा थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या, त्यामुळे किनाऱ्याने चालू लागले की काही कोसांवर खाडी आडवी येते आणि पलीकडे नेणारी तर शोधावी लागते. पण त्याच खाडीत होडी घातली, की ती दाभोळहून चिपळूणपर्यंत किंवा विजयदुर्गाहून खारेपाटणपर्यंत सुमारे ४० किलोमीटर आत नेऊन सोडते. तिथून पुढे घाटाची वाट लागते. महाडहून वरंधा, चिपळूणहून कुंभार्ली, राजापूरहून अणस्कुरा, खारेपाटणहून गगनबावड्याकडची चढण. देशावरून बैलांचे तांडे गूळ, तूप, तंबाखू, मिरची घेऊन उतरत. समुद्राकडून मीठ, खजूर, कापड, सुकी मासळी, नारळ घेऊन होड्या चढत. दोघांची गाठ पडे ती भरतीच्या शेवटच्या पाण्यावर. कोकणातल्या जुन्या बाजारपेठा म्हणजे याच गाठी आहेत.

ही प्रस्तावना त्या आडव्या वाटेची, तिच्यावर शीड लावून चालणाऱ्या होड्यांची आणि तिच्या काठी सुखाने राहिलेल्या माणसांची आहे. वाचक इतिहासाचा विद्यार्थी असेल, वास्तुशास्त्राचा असेल, जीवशास्त्राचा असेल किंवा खाडीकाठी आजोळ असलेला आणि मे महिन्यात धक्क्यावर पाय सोडून बसणारा असेल. या विषयात सगळ्यांना जागा आहे. शेवटच्या वाचकाला तर विशेष, कारण या अभ्यासाला लागणारी अर्धी तयारी त्याने नकळत केलेली असते. पाणी चढते आहे की उतरते आहे, हे ज्याला धक्क्याच्या पायरीकडे न पाहता अंगावरच्या वाऱ्यावरून आणि चिखलाच्या वासावरून कळते, त्याला पुस्तकातून शिकवायला फार थोडे उरते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितली पाहिजे. आपल्याकडे नौकांचा विचार निघाला की तो आरमाराकडे वळतो. ते स्वाभाविकही आहे. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमाराचा पाया घातला, सिंधुदुर्ग उभा केला, विजयदुर्गाला बळ दिले. पुढे आंग्र्यांनी आणि धुळपांनी समुद्र गाजवला. भा. कृ. आपटे यांचा मराठ्यांच्या आरमारावरचा आणि व्यापारी जहाजांवरचा १९७३ चा ग्रंथ या वाटेवरचा आधार आहे. पण गुराबा आणि गलबते लढत होती त्याच काळात, त्याच लाकडाच्या, त्याच सुतारांनी बांधलेल्या होड्या मीठ, भात, कौले, वऱ्हाडी आणि बाळंतिणी घेऊन रोज दोनदा खाडीतून वरखाली जात होत्या. लढाई ऋतूत एखादी होई. ही ये-जा शेकडो वर्षे थांबली नाही. माझे मत स्पष्ट आहे : कोकणच्या जगण्याचा कणा लढाऊ जहाज नव्हते, मालाची होडी होती. तिच्यावर आपण फारच थोडे लिहिले आहे.

पुरावा कमी आहे असे मात्र नाही. खारेपाटणला सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या ताम्रपटाचे वर्ष शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८. त्यात देवळाला दिलेल्या उत्पन्नामध्ये परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याणक अशी नेमणूक आहे. हजार वर्षांपूर्वी देवाच्या दिवाबत्तीचा खर्च जहाजांच्या ये-जेवर बेतलेला होता, यावरून त्या वर्दळीची खात्री किती असेल ते कळते. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या लढाऊ नौका कोरलेल्या आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात शिडे लावलेले जहाज रंगवलेले आहे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि परतीच्या वाटेला दाभोळहून लागला. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी वखार घातली ती समुद्रापासून आत असलेल्या राजापुरात, कारण माल तिथे उतरत होता. अर्थात हे सगळे पुरावे मोठ्या जहाजांचे, राजांचे आणि परक्या व्यापाऱ्यांचे आहेत. लहान होडीचा पुरावा वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो : जमिनीच्या वादाच्या कागदात, तरीच्या मक्त्यात, देवस्थानाच्या हिशेबात आणि म्हाताऱ्या तांडेलांच्या बोलण्यात.

या विषयाचा गाभा पाणी आणि वारा यांच्या मेळात आहे, म्हणून तिथे थोडे रेंगाळायला हवे.

कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. मुंबईजवळ उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढउतार करते. दक्षिणेकडे जावे तसा हा फरक कमी होत गोव्याकडे दोन मीटरच्या आसपास येतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भरतीची वेळ काढायला कोळ्यांना आणि खारव्यांना छापील तक्ता कधी लागला नाही. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि तासाचा पाऊण हिस्सा पंचेचाळीस मिनिटांचा, एवढाच त्यातला हिशेब. मिनिटांचा काटा जुळत नाही, पण होडी पाण्यात ढकलायला तो पुरेसा आहे.

याच्या जोडीला वारा ठेवा. पावसाळा सरला की किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो; रात्री उशिरा जमिनीकडून मतलई वारा सुरू होतो आणि सकाळ चढेपर्यंत वाहतो. आता खाडीतून वर जाणाऱ्या होडीचा विचार करा. तिला भरती हवी आणि खारा वारा हवा. पौर्णिमेला भरती सकाळी सहाच्या सुमारास लागून दुपारी बाराला पुरी होते. पाणी भरपूर, पण वारा अजून जमिनीकडूनच आलेला, म्हणजे तोंडावर. अष्टमीला भरती दुपारी बारा ते सहा. वारा पाठीशी, पण भांगाचे पाणी उथळ आणि सुस्त. या दोहोंच्या मध्ये, तृतीया ते पंचमीच्या सुमारास पाणीही बरे असते आणि भरतीच्या उत्तरार्धात खारा वाराही मिळतो. वरच्या टप्प्यातल्या उथळ पाण्यावरून भरलेला पडाव, म्हणजे मालाची होडी, काढायचा तर उधाणच गाठले पाहिजे, मग भले वल्हे मारावे लागो किंवा बांबूने रेटावे लागो. हलकी होडी मात्र भांगालाही वाऱ्यावर सुखाने जाते.

आणखी एक बारकावा आहे. भरती मुखाशी पुरी झाली तरी वर पोचायला तिला वेळ लागतो. मुखाशी पाणी उतरू लागते तेव्हा वरच्या पेठेच्या धक्क्यावर ते अजून चढत असते. म्हणून भरतीबरोबर वर निघालेल्या होडीला सहा तासांपेक्षा जास्त वेळ अनुकूल पाणी मिळते आणि उतरताना त्याच्या उलट, ओहोटी लवकर संपून समोरून भरती गाठते. चढण सोपी आणि उतार अवघड, ही घाटाच्या वाटेच्या नेमकी उलट गोष्ट आहे. उतरताना म्हणूनच मध्ये कुठेतरी नांगर टाकून एक पाणी थांबावे लागे. खाडीच्या मधल्या टप्प्यावरची कितीतरी लहान गावे, त्यांतले विसाव्याचे वड, विहिरी, दर्गे, देवळे या थांबण्याशी जोडून पाहण्यासारखी आहेत. हे काम अजून नीट झालेले नाही. नव्या अभ्यासकाने इथून सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगेन : एक खाडी घ्यावी, तिथीवार वेळा मांडाव्यात आणि भरलेली होडी कुठे कुठे अडकेल ते नकाशावर खुणावे.

होडी बांधण्याची विद्या हा या विषयाचा दुसरा मोठा भाग. कोकणात एका प्रकारची होडी कधीच नव्हती. सगळ्यात धाकटी एकाच खोडाची कोरलेली होडी. दक्षिणेकडे, मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला तिला उलांडी जोडतात, म्हणजे बाजूला दोन आडव्या काठ्यांवर बांधलेला लाकडी तरंगता ओंडका, जो होडीला कलंडू देत नाही. त्यानंतर मचवा : टोकदार नाळ, मागच्या बाजूला थोडासा पाटा, बाकी उघडा आणि पुढे झुकलेली डोलकाठी. त्याहून पोटाळ पडाव, उथळ पाण्यात भार घेणारा. समुद्रावर लांब जाणारी पातेमारी आणि शिबाड खाडीच्या मुखाशी येत आणि त्यांचा माल पडावात उतरे. जॉन एडी याने १८३४ मध्ये मलबार किनाऱ्यावरच्या नौकांचे वर्णन छापले, फ्रेंच नौदलातल्या पारिसने १८४० च्या दशकात आशियातल्या नौकांची मोजून काढलेली चित्रे प्रसिद्ध केली, जेम्स हॉर्नेलने १९२० मध्ये भारतीय होड्यांच्या घडणीवर निबंध लिहिला आणि १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये खाड्यांची, बंदरांची आणि तिथे ये-जा करणाऱ्या होड्यांची माहिती आहे. ही चारही नावे आपल्या नित्य उपयोगाची आहेत. मात्र हे सगळे बाहेरून आलेल्या माणसांनी धक्क्यावर उभे राहून केलेले काम आहे. सुताराच्या अंगाने, त्याच्या हिशेबाने लिहिलेले वर्णन आपल्याकडे नाहीच म्हटले तरी चालेल.

आणि तो हिशेब विलक्षण आहे. कागदावर आराखडा नसतो. आधी पठाण ठेवायचा, म्हणजे तळाचा मुख्य वासा. मग नाळ उभी करायची. मग फळ्या आणि वाक, म्हणजे आतल्या बाकदार फासळ्या, यांचा मेळ सुताराच्या डोळ्याने बसवत जायचा. फळ्यांसाठी साग, तळाकडे ऐन, लहान होडीला आंबा आणि फणस, वाकांसाठी नैसर्गिक बाक असलेले लाकूड, डोलकाठीला उंडी. बाक असलेली फांदी शोधायला सुतार स्वतः रानात जाई, कारण सरळ लाकूड कापून केलेला बाक भारासरशी उकलतो, झाडाने स्वतः घेतलेला बाक उकलत नाही. फटीत कापूस ठासून राळ आणि तेल भरायचे. बाहेरून मुशीच्या यकृताचे उग्र वासाचे तेल. दोरखंड काथ्याचे आणि त्याची नारळाची सोडणे खाडीच्याच चिखलात महिनोन्‌महिने कुजवलेली. अशा होडीत बाजारातून विकत आणलेली वस्तू म्हणजे खिळे आणि शिडाचे जाडे कापड. बाकी सगळे गावाच्या शिवारातले.

लाकडाचा प्रश्न राज्यकर्त्यांनाही ठाऊक होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात सांगितले आहे की सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत, पण आंबा-फणसासारखी झाडे आरमाराच्या कामाची असली तरी त्यांना हात लावू नये. रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. या उताऱ्याची आठवण पर्यावरणाच्या भाषणांत पुष्कळदा निघते. होडीच्या अभ्यासकाने तो दुसऱ्या अंगानेही वाचावा : एका होडीपायी किती झाडे जातात आणि त्यांतली कोणती कुणाच्या परसात उभी असतात, याची नेमकी जाण राज्याच्या अमात्याला होती.

शिडाबद्दल थोडे. कोकणी होडीचे शीड तिरकस असते. लांब परबाणाला, म्हणजे डोलकाठीवर तिरक्या चढवलेल्या वाशाला, बांधलेले आणि पुढचे टोक आखूड कापलेले. वारा पाठीशी किंवा बाजूने असला की ते फार सुंदर ओढते. अडचण बाजू बदलताना येते. लांब परबाण डोलकाठीच्या पुढून फिरवून पलीकडे न्यावे लागते, त्याला मोकळे पाणी आणि हातही लागतात. अरुंद खाडीत, वळणावळणावर हे करत बसणे परवडत नाही. त्यामुळे खाडीतला तांडेल शिडापेक्षा वेळेवर जास्त विसंबतो. वारा फिरला की शीड उतरवायचे, पाण्याच्या धारेत होडी ठेवायची, काठाच्या बाजूने बांबू टेकवत जायचे आणि अगदीच साधेना तर नांगर टाकून चिलीम पेटवायची. समुद्रावरचा नाखवा धाडसाने नाव कमावतो, खाडीतला तांडेल धीराने.

आता हे सगळे एका प्रवासात पाहा. दाभोळच्या खाडीत शिरताना दक्षिणेला अंजनवेलचा गोपाळगड, उत्तरेला दाभोळ. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले गजबजलेले बंदर, १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी जाळले आणि तरी पुन्हा उभे राहिले. सतराव्या शतकातली त्याची मशीद आजही पाण्याकडे पाहत उभी आहे. आत गेले की खाडी रुंदावते, दोन्ही काठांना डोंगर, पायथ्याशी नारळी, त्यांच्यातून डोकावणारे मिनार आणि कौलारू घरे. उत्तरेकडून खेडची जगबुडी येऊन मिळते, श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ च्या कादंबरीतली नदी ती हीच. पुढे पात्र आवळते, तिवरांची बेटे लागतात, चिखलावर मगरी उन्हाला पडलेल्या दिसतात. वर डोंगरावर परशुरामाचे देऊळ आणि शेवटी गोवळकोटचा गोविंदगड. मुखाशी एक किल्ला आणि भरतीच्या टोकाशी दुसरा. सगळी खाडी एकच वास्तू मानून बांधलेली ही राखण आहे आणि रस्त्याने आलेल्याला ती कधीच एकत्र दिसत नाही. पाण्यावरून मात्र चार-पाच तासांत तिचा अर्थ लागतो. म्हणून म्हणतो, हा विषय बसून शिकायचा तर होडीत बसून.

कौलांचाच एक धागा घ्या. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतरच्या काही दशकांत मंगळुरी कौल किनाऱ्याने वर सरकत मुंबईपर्यंत पोचले. रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. हजारोंनी नाजूक कौले शिडाच्या जहाजांतून बंदरापर्यंत आणि तिथून पडावांतून खाडीच्या टोकापर्यंत गेली. ज्याला आपण कोकणचे लाल छप्पर म्हणतो, ते वाऱ्यावर वाहून आलेले छप्पर आहे. कोणत्या गावात गवताचा शाकार आधी गेला आणि कोणत्या गावात नंतर, याचा क्रम लावला तर तो बहुधा धक्क्यापासूनच्या अंतराप्रमाणे लागेल. गावातल्या जुन्या कौलांवरचे कारखान्याचे छाप वाचत फिरणे हे फार आनंदाचे संशोधन आहे आणि त्याला खर्च काहीच नाही.

आनंदाचा उल्लेख मी मुद्दाम केला. खाडीकाठचे सुख हा अभ्यासाच्या बाहेरचा विषय आहे असे मला वाटत नाही. ओहोटीला कालवे फोडायला, तिसऱ्या वेचायला बायका चिखलात उतरतात तेव्हा त्या गप्पा मारतात, गातात, पोरांना शिकवतात. कोणत्या खडकावर कालव धरते आणि कोणत्या तिथीला तो खडक उघडा पडतो हे ज्ञान त्याच गप्पांतून पुढे जाते. संध्याकाळी पाग घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला माणूस दोन बोयांसाठी तासभर उभा राहतो, त्यात पोटाची गरज असते तशी पाण्याची ओढही असते. नारळी पौर्णिमेला समुद्राकाठी नारळ वाहतात तसा खाडीकाठीही वाहतात. पूर्वी वऱ्हाड होडीने जाई, पालखीही तरीवरून पलीकडच्या गावाला जाई, मुंबईचा चाकरमानी होळीला आणि गणपतीला बोटीतून उतरून मचव्याने घरच्या धक्क्याला लागे. भोई, कोळी, खारवी, गाबीत, भंडारी, दालदी मुसलमान, मिठागरांतले आगरी अशा किती तरी समाजांचा शेजार या पाण्याने बांधलेला आहे. मुसलमान नाखव्याच्या पडावावर हिंदू खलाशी आणि हिंदू सावकाराच्या मालावर मुसलमान तांडेल हे खाडीतले नेहमीचे चित्र होते. ज्याला हे सुख दिसत नाही, त्याला खाडीकाठची माणसे इतक्या अडचणी सोसून तिथेच का राहिली याचे उत्तर सापडणार नाही.

खाडीने जमीनही घडवली. भरतीचे पाणी अडवून केलेली खार जमीन, तिचे मातीचे बांध आणि पाणी सोडण्याच्या उघाड्या, गोव्यात याच जातीची खाजन शेती. बांध सामुदायिक श्रमाने राखावा लागे. बांध फुटला तर एकाचे नव्हे, साऱ्या गावाचे भात खारवते. होडीचा अभ्यासक या बांधांकडे दुर्लक्ष करतो, शेतीचा अभ्यासक होडीकडे. दोघांनी एकमेकांशी बोलावे.

ही वाट कशी ओस पडली, ते थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या, तरी त्यांनी शीड संपवले नाही. उलट बोट खोल पाण्यात थांबे आणि माणसे-सामान मचव्यांनीच धक्क्याला येई. खरा फरक पडला तो रस्ता, पूल आणि होडीवर बसलेले इंजिन यांनी. डोंगर उघडे पडत गेले तशी माती खाडीत उतरली आणि वरचे टप्पे गाळाने भरले. राजापूरला मोठी गलबते पोचेनाशी झाली ती आधीच. वाशिष्ठीत १९६० च्या दशकापासून कोयनेच्या वीजघरांतून सुटलेले पाणी येऊ लागले, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातला पाऊस उन्हाळ्यातही अरबी समुद्राकडे वाहू लागला. खाडीच्या खारेपणावर आणि मासळीवर याचा परिणाम किती, हा शोधाचा मोठा विषय आहे. कारखान्यांचे सांडपाणी, रेतीचा उपसा आणि जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरानंतर निघालेला गाळाचा प्रश्न यांमुळे खाडी पुन्हा चर्चेत आली, पण संकट म्हणून. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातल्या जलमार्गांची संख्या १११ केली आणि त्या यादीत सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांच्या खाड्याही आहेत. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीवर बचत गटाच्या बाया पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाड्या चढतात. पाणी अजून वाहतुकीचे आहे. शीड तेवढे उतरले.

दुसरीकडे काय केले गेले तेही पाहावे. इंग्लंडात नॉरफोक परगण्यातल्या नद्यांवर एका शिडाच्या मालवाहू होड्या चालत. त्या शेवटच्या घटका मोजत असताना १९४९ मध्ये लोकांनी न्यास स्थापून १८९८ ची ‘अल्बियन’ ही होडी वाचवली आणि ती आजही शिडावर चालते, लोकांना घेऊन. आपल्याकडे गोव्यात दोऱ्याने फळ्या शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. त्याचा आराखडा अजिंठ्याच्या चित्रावरून घेतला आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचे जहाज चित्रावरून उभे करण्याची हिंमत आपल्यात आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी वाशिष्ठीत चालणारा पडाव नेमका किती लांब, किती रुंद, त्याचे परबाण किती हात, हे विचारले तर दाखवायला मोजणी केलेला एक आराखडा हाताशी नसतो. पडाव बांधणारे सुतार चित्रातले नाहीत, अजून काही गावांत हयात आहेत.

म्हणून या विषयात येणाऱ्याला माझे सांगणे सोपे आहे. आधी एकच खाडी निवडा, शक्यतो आपली. तिच्या दोन्ही काठांवरून चाला आणि मग भरतीबरोबर पाण्यावरून जा. बोलीतले शब्द त्या बोलीतच लिहून घ्या. मालवणचा शब्द दाभोळला लावू नका. धक्क्याच्या पायऱ्या मोजा, जुन्या वखारींची तोंडे कोणत्या दिशेला आहेत ते पाहा. बायकांना विचारा, कारण चिखलाची आणि तिथींची माहिती पुरुषांपेक्षा त्यांच्याकडे जास्त असते आणि त्यांना आजवर कुणी विचारलेले नाही. नदीवर, झाडांवर, मासळीवर काम करणाऱ्यांना सोबत घ्या.

आणि एक काम पुढे ढकलू नका. खाडीकाठच्या कुठल्याही गावात माडांखाली एखादी जुनी होडी उपडी पडलेली असते. पुढच्या पावसाळ्यात ती कुजेल किंवा जळणाला जाईल. टेप, वही आणि दोन माणसे घेऊन जा. पठाणाची लांबी, मधली रुंदी, फळ्यांची जाडी, वाकांमधले अंतर, डोलकाठीच्या खोबणीचा कल अशी सगळी मापे घ्या, लाकूड कोणते ते विचारा, बांधणाऱ्याचे घर शोधा. या दसऱ्यापासून होळीपर्यंतच्या कोरड्या महिन्यांत प्रत्येक खाडीवर असा एक जरी आराखडा तयार झाला, तरी या विषयाचा पहिला खंड लिहायला घेता येईल.